बाबांचा रंग

वकिलाने चाळिशी उलटल्यावर कुंचला हाती धरावा, हे आमच्या अशिलांना फारसे रुचलेले नाही. परंतु वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांचे तैलचित्र आपल्या हातचे असावे, असा हट्ट आम्ही धरला आणि रंगपेटी घेऊन जामसांवलीस आलो. पुढ्यात पुरावा एकच : स्टुडिओत काढलेला, चेहरा उजळून दिलेला फोटो.

तैलरंगाचे काम दाव्यासारखेच सबुरीचे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही; हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचा अधिक तेलकट ठेवावा लागतो. क्रम चुकला तर चित्र पुढे तडकते. आम्ही तपकिरी अंबरने छायाप्रकाश बसविला, तो वाळू दिला आणि मग फोटोबरहुकूम पांढऱ्यात किंचित तांबडा मिसळून मुखावर कांती चढविली. नाक जमले, मिशी तर फारच जमली.

संध्याकाळी आई काठी टेकीत आली. बराच वेळ पाहत राहिली. "हे फोटोतले आहेत रे," ती म्हणाली, "संत्र्याच्या बागेतले नाहीत."

अशा साक्षीदाराची उलटतपासणी करता येत नाही. आम्हांस पणजीच्या फुंदासांव ओरिएंतच्या संग्रहातील आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रे आठवली. सांग्याचा हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला आणि तेथेच शिक्षक झाला. पत्नीला, मुलींना समोर बसवून त्याने रंगविले. त्याची माणसे सावळी आहेत, आणि उजेड त्या सावळेपणातूनच फुटतो. आमच्यासमोर बसायला मात्र आता कोणी नव्हते.

रंग ओलाच होता. सुरीने सारी कांती खरवडून काढली. खालचे अंबर तेवढे शाबूत राहिले. दुसऱ्या दिवशी आई शेजारी बसून सांगत गेली आणि आम्ही पिवडी, काव, सावलीत थोडा निळा असे मिसळीत गेलो.

त्यानंतर काका आले. "श्राद्धाला चार माणसे येतील. दादाला इतका काळा कशाला केलास?" पहुडलेल्या मारुतीरायाच्या अंगावर शेंदराचे थर चढतात, त्याला या गावात कोणी हरकत घेत नाही, माणसाच्या अंगावरचा एक थर आम्ही उतरविला तर घरात तंटा! आम्ही युक्तिवाद जुळवीत होतो, तोच आई म्हणाली, "भावोजी, तुम्ही त्यांना उन्हात पाहिलेच नाही का?"

काका गप्प झाले. श्राद्धाला आठ दिवस उरले आहेत. डाव्या भुवईवरची खोक अजून काढायची आहे, पण तिथला रंग वाळलेला नाही.