आरबीआय, एसट्या आणि माझी लाल शाई

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गेल्या वर्षी एप्रिलपासून पाच महिने लेकीकडे न्यू जर्सीला होते, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. तिथले मोठे रस्ते, मोठी दुकानं आणि नायगारा यांवर आजवर इतक्या आजी-आजोबांनी लिहिलंय की मी त्यात भर घालत नाही. मी सांगणार आहे ते एका एवढ्याशा 'एस'बद्दल. इंग्रजीत अनेकवचन करताना शब्दाच्या शेपटाला लावतात ना, तोच तो.

पोचल्यावर चौथ्याच दिवशी नातू बेसबॉल खेळून घरी आला. वय वर्षं बारा. चिखलाचे बूट दारातच भिरकावले आणि ओरडला, "आजी, आज माझे दोन आरबीआयज् झाले!"

मला आपली रिझर्व्ह बँकच आठवली. आख्ख्या भारताला एक पुरते, याला दोन कशाला?

मग त्याने मला समजावलं. बेसबॉलमध्ये चौकोनी मैदानाच्या चार कोपऱ्यांना चार ठाणी असतात. फटका मारून एकेका ठाण्यावर पोचायचं आणि फिरून घरच्या ठाण्यावर परत आलं की एक रन. समजा, आपला गडी आधीच तिसऱ्या ठाण्यावर उभा आहे आणि माझ्या फटक्यामुळे तो घरी पोचला, तर रन त्याच्या नावावर लागतो. पण तो मी आणवला म्हणून माझ्या खात्यात एक 'आरबीआय' जमा होतो. रन बॅटेड इन. तिन्ही ठाण्यांवर गडी असताना होमरन मारला तर तिघे आणि आपण स्वतः धरून एका फटक्यात चार. मात्र समोरच्याने चेंडू सोडला म्हणून गडी घरी आला, तर सहसा काही मिळत नाही. १९२० पासून हा आकडा तिथे अधिकृतपणे मोजला जातो. म्हणजे त्यांची आरबीआय आपल्या १९३५ च्या आरबीआयपेक्षा वयाने मोठीच.

खेळ कळला. पण चौतीस वर्षं आठवी ते दहावीला मराठी आणि इंग्रजी शिकवलेल्या बाईचं लक्ष खेळावर कसलं राहतंय! मी म्हटलं, "अरे, एक असेल तर 'रन बॅटेड इन', दोन असतील तर 'रन्स बॅटेड इन'. अनेकवचन पहिल्या शब्दाचं होतं. मदर-इन-लॉचं मदर्स-इन-लॉ होतं, पासर-बायचं पासर्स-बाय होतं, तसंच हे. एस आधीच त्या 'आर'च्या पोटात बसलाय. पुन्हा शेवटी कशाला लावतोस? दोन आरबीआय म्हण."

तो म्हणाला, "पण आजी, सगळे असंच म्हणतात."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय म्हणून सांगू!

पुढच्या शनिवारी मैदानावर गेले तर तिथे माझ्या पक्षाचे एक गृहस्थ भेटले. माझ्याच वयाचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. मांडीवर स्कोअरची वही आणि कानावर पेन्सिल. त्यांना मी माझा मुद्दा माझ्या सातारी इंग्रजीत सांगितला, तर त्यांनी माझा हातच हातात घेतला. म्हणाले, हे भांडण इथे फार जुनं आहे. कोणी एस लावून छापतं, कोणी लावत नाही. एकच समालोचक एका डावात दोन्ही म्हणतो. आणि एक तिसरा पक्षही आहे. तो अक्षरं सुटी न म्हणता त्याचा सरळ शब्दच करतो, 'रिबी'. दोन असले की 'रिबीज'. आमचे जावईबापू या तिसऱ्या पक्षाचे निघाले!

लेक मात्र नातवाच्या बाजूने. "आई, मेंबर ऑफ पार्लमेंटचं अनेकवचन मेंबर्स ऑफ पार्लमेंट. पण आपल्याकडचे इंग्रजी पेपर 'एमपीज्'च छापतात ना? तिथे तुला 'एम'च्या पोटातला एस कधी आठवला नाही. युद्धकैद्यांना पीओडब्ल्यूज् म्हणतात, तेही तसंच."

मी निरुत्तर झाले, पण कबूल केलं नाही. शिक्षकांचा हा जुना रोग आहे.

आपल्या क्रिकेटचंच बघा ना. धाव-धावा, षटक-षटके यात काही अडचण नाही. एलबीडब्ल्यूला आपण 'पायचीत' हा इतका नेटका शब्द घेतला की तिघे पायचीत झाले तरी शब्द जागचा हलत नाही. पण विकेट? आमच्या घरात माझे यजमान 'तीन विकेट गेल्या' म्हणायचे, दीर 'तीन विकेट्स' म्हणायचे, आणि गावाकडचे मामा 'तीन विकेटी काढल्या' म्हणायचे. तिघे एकाच रेडिओभोवती बसलेले असायचे आणि आऊट झालेली माणसंही तीच असायची! तेव्हा मी कोणालाच टोकलं नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना कोण टोकणार? टोकायला वर्गातली मुलं होती.

आता मुख्य गोष्ट.

जूनमध्ये मोसम संपला. टीमची एक छोटी पुस्तिका निघणार होती. प्रत्येक मुलाने आपल्या खेळाबद्दल चार ओळी लिहायच्या. नातू जेवणाच्या टेबलावर तासभर मान खाली घालून लिहीत होता. लिहून झाल्यावर कागद मला दाखवायला आणला. मोसमात आपले नऊ आरबीआयज् झाले, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. माझ्या हाताशी पेन होतं, आणि ते नेमकं लाल होतं. माझा हात आपोआप गेला आणि मी त्या एसवर काट मारली.

तो काही बोलला नाही. कागद उचलला, उलटा करून ठेवला आणि म्हणाला, "मग मी लिहीतच नाही." आणि खोलीत निघून गेला.

तो चेहरा मी आधी कुठेतरी पाहिला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, आणि मग झोप आली नाही.

१९७९ च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा पाटण तालुक्यातल्या एका शाळेत होते. आठवीच्या वर्गाला 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला होता. डोंगरातल्या एका वाडीवरून रोज दीड तास चालत येणारा एक मुलगा होता. कधी फारसा न बोलणारा. त्याने लिहिलं होतं, "घाटात दरड पडली आणि सगळ्या एसट्या अडकल्या. माझा बा त्यातल्या एकीत होता."

मी 'एसट्या'खाली लाल रेघ ओढली आणि अर्धा मार्क कापला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण चूक सर्वांच्या लक्षात यावी म्हणून मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. एसटी हे इंग्रजी नावाचं संक्षिप्त रूप आहे, त्याला असं अनेकवचन होत नाही, 'एसटीच्या बसगाड्या' असं लिहावं, वगैरे सांगितलं. वर्ग हसला. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतर दहावीपर्यंत त्याने माझ्या हाती दिलेले निबंध अगदी शुद्ध असायचे. आणि पाच ओळींचे असायचे.

मला आमच्या शिक्षकांनी इंग्रजी आणि मराठी दोन्ही व्याकरणं घोकून घेऊन शिकवली. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्या रात्री न्यू जर्सीत पडल्या पडल्या मी त्याच व्याकरणाने तो निबंध पुन्हा तपासला. मराठीत ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचं अनेकवचन कसं होतं? नदी-नद्या, काठी-काठ्या, गाडी-गाड्या. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिची पूर्ण इंग्रजी नावं शहाण्यांच्या तोंडी राहिली, पण लोकांनी 'एसटी' म्हटलं, गाडी म्हणून तिला स्त्रीलिंग दिलं आणि नियमाप्रमाणे तिच्या एसट्या केल्या. कोणी शिकवलं नाही, तरी पूर्ण नियमाला धरून. मूळ नावातलं 'ट्रान्सपोर्ट' त्यात शोधायला गेलो तर 'एसट्या' चूक आहे. पण तो शब्द आता मराठीत राहायला आला आहे आणि मराठीसारखाच वागतो. मुलाचं बरोबर होतं. नियम बाईंना दिसला नव्हता.

नातवाचंही तेच. 'आरबीआय' बोलता बोलता त्यांचा शब्द झाला, आणि इंग्रजी शब्दाला एस शेवटी लागतो, म्हणून त्याने शेवटी लावला. एस न लावणाऱ्यांचंही चूक नाही. त्यांना अजून त्या अक्षरांच्या आतले तीन शब्द ऐकू येतात, एवढंच. म्हणजे काहीही चालतं असं मी म्हणत नाही हं. कोणी 'रन बॅटेड इन्स' लिहिलं तर मी आजही काट मारीन. पण रेघ ओढण्याआधी, हे मूल असं का म्हणतंय, याचा विचार करायला हवा. चौतीस वर्षांत तो मी पुरेसा केला नाही.

सकाळी नातवाजवळ जाऊन बसले आणि त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. दरड म्हणजे काय ते हातांनी करून दाखवलं. एसट्या म्हणजे काय ते सांगितलं. तो शब्द त्याला फार आवडला, दोनदा म्हणून बघितला. मग त्याने विचारलं, "आजी, मग त्याचे बाबा घरी आले का?"

मंडळी, हा प्रश्न मी त्या मुलाला विचारलाच नव्हता. तेव्हा नाही, आणि पुढे तो दोन वर्षं माझ्यासमोर बसत होता तरी नाही. दोन वाक्यं होती. पहिल्यातल्या एका शब्दावर मी तास घेतला आणि दुसरं वाक्य मी वाचलंच नाही.

"माहीत नाही रे," एवढंच म्हणाले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने कालचा कागद सुलटा केला आणि माझ्या लाल काटीच्या शेजारी पेन्सिलीने एस पुन्हा लिहिला.

निघण्यापूर्वी त्या गणिताच्या मास्तरांना भेटले आणि तुमचा पक्ष सोडला, असं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी मला हॅक विल्सन नावाच्या खेळाडूची गोष्ट सांगितली. १९३० साली शिकागो कब्ज संघाकडून खेळताना त्याने एका मोसमात १९० रन आणवले. तो विक्रम झाला आणि पुस्तकांत छापला गेला. पुढे कोणीतरी जुन्या नोंदी बारकाईने पाहिल्या, तेव्हा कळलं की त्याचा एक आरबीआय चुकून संघातल्याच दुसऱ्या खेळाडूच्या नावावर लागला होता. १९९९ साली दुरुस्ती होऊन १९१ झाले. विल्सन १९४८ मध्येच वारला होता. पण आकडा दुरुस्त केला, आणि आजही तोच विक्रम आहे.

एकोणसत्तर वर्षांनी दुरुस्ती होऊ शकते, तर माझी अजून पन्नासही झालेली नाहीत.

तो मुलगा आता साठीला आला असेल. कुठे असतो ते मला ठाऊक नाही, आणि हे तो वाचेल अशीही आशा नाही. पण नोंद इथे करून ठेवते. आठवी, मराठी, निबंध: 'एसट्या' हे रूप बरोबर आहे. कापलेला अर्धा मार्क परत दिला आहे. आणि बाबा रे, तुझा बा घरी आला होता का?

असो. पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं लिहीन. तोवर तुमच्या घरी विकेटचं अनेकवचन काय करतात, ते जरूर कळवा.