मीटरमागची माणसं

मंडणगड, 28 मे

आगोटीची बेगमी चालली आहे. मोठ्या जाऊबाई आणि मी सकाळपासून पडवीत लाकडं रचतोय. खाली ओंडके, वर झावळ्या, कोपऱ्यातल्या पोत्यांत सोडणं आणि करवंट्या. घरात गॅस आहे, पण न्हाणीचं पाणी आणि भाताचं मोठं पातेलं चुलीवरच. आठ माणसांत 14.2 किलोचा सिलिंडर पुरवायचा तर दुसरा इलाज नाही. 2016च्या उज्ज्वला योजनेने कितीतरी घरांत शेगडी आणली. ती दोन्ही वेळा पेटवणं परवडायलाही हवं. पावसात ओल्या लाकडांचा धूर कोंडतो आणि जाऊबाईंचा खोकला रात्रभर थांबत नाही.

1 जून

वीजबिल आलं: 184 युनिट. पहिल्या शंभराला कमी दर, 101 पासून पुढे चढा. शेजारचं घर मुंबईकरांचं. गणपतीत आणि शिमग्यात उघडतं. त्यांची मोजकी युनिटं सगळी स्वस्त दरात बसतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, नियमच मीटरमागे आहे. आमच्याकडे माणशी 23 युनिट पडतात, तरी चढा दर आम्हालाच. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला धान्य माणशी 5 किलो मिळतं. मग विजेच्या सवलतीला माणसं का मोजू नयेत?

3 जून

2020 साली आजच्याच तारखेला निसर्ग वादळ आलं. खांब आडवे झाले, तारा बागांत लोंबत राहिल्या. काही गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. नळाचा पंप बंद, गिरणी बंद, फोन मुके. विहिरीवरून हंडे वाहिले ते बायकांनी आणि पोरींनी. आमच्याच जिल्ह्यातल्या पोफळीत 1962 पासून कोयनेची वीज तयार होते. किनाऱ्यालगत वादळात टिकणाऱ्या वाहिन्या मागणं म्हणजे फाजील हट्ट नव्हे.

4 जून

वीजदर ठरवण्याआधी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग लोकांच्या सूचना आणि हरकती मागवतो. महिला बचत गटाच्या बैठकीत आज मसुदा वाचला. मागणी एकच: स्वस्त युनिटांची मर्यादा घरात राहणाऱ्या माणसांवर ठरवा. गावात कायम राहतं कोण, हे ग्रामपंचायतीला ठाऊक असतं. हिशेब अवघड नाही. सगळ्याजणींनी सह्या केल्या. जाऊबाईंनी सहीखाली आपल्या घरातली माणसं लिहिली, मग बाकीच्यांनीही लिहिली. अर्ज तसाच पाठवायचा ठरला.