त्रुटीचा रकाना

गाया यानाच्या तारकासूचीत मी तेजस्वितेचा रकाना नंतर बघतो, आधी तिच्या त्रुटीचा. २०२२ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या नोंदी आहेत. जवळपास तीन वर्षं ताऱ्यांची तेजस्विता पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढलेली. तितक्याच तेजस्वी ताऱ्यांची मोजमापं जेवढी विखुरतात, त्याहून एखाद्याची जास्त विखुरली, की मी तिथे थबकतो. मोजणी कदाचित बरोबर असेल; ताराच बदलत असेल.

मला हवे असतात ते निळसर, खुजे, अतिउष्ण तारे. तांबड्या राक्षसी ताऱ्याचं आवरण जोडीदारामुळे गळून गेलं, की हेलियम जाळणारा गाभा उघडा पडतो. वस्तुमान सूर्याच्या निम्म्याच्या आसपास, तापमान वीस ते चाळीस हजार अंश. कन्या राशीतल्या एचडब्ल्यू व्हर्जिनिस या जोडीत असाच एक तारा आहे. त्याचा मंद, लाल सोबती दर २ तास ४८ मिनिटांनी एक फेरी पुरी करतो. सोबत्याची समोरची बाजू तापून उजळते, म्हणून दोन ग्रहणांच्या मधेही प्रकाश चढतो आणि उतरतो. तो वक्र मी कितीदाही बघू शकतो.

उमेदवार निवडले की टेस यानाच्या नोंदी काढायच्या. इथे घाई नडते. टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा, त्यात शेजारचे तारेही मावतात. एकदा मला फार देखणा वक्र मिळाला, नेमक्या अंतराने ग्रहणं. दोन आठवडे मी त्याच्याच नादात होतो. मग पिक्सेल एकेक करून तपासले, तर ग्रहण शेजारच्या पिवळ्या ताऱ्याला लागत होतं. खूप वाईट वाटलं. तेव्हापासून आधी शेजार तपासतो, आवर्तकाल नंतर.

चिलीतून चालणाऱ्या ओगल सर्वेक्षणात एक तारा असाच भलत्या वर्गात नोंदला गेला होता. तो २८ मिनिटांत एकदा स्पंदन पावत होता. वर्णपट घेतल्यावर त्याचं तापमान तीस हजार अंश निघालं, आणि २०१७ साली अशा १४ ताऱ्यांचा एक नवाच वर्ग जाहीर झाला.

गायाची सूची कुणालाही खुली आहे. उघडलीत, तर त्रुटीचा रकाना वगळू नका.