केळी लिहायला चार घरं

पदवीचे निकाल लागले की एखादी तरी मुलगी माझ्या ओट्यावर येते. यंदाची आली ती वडिलांसोबत. वडिलांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, मुलीच्या हातात बी.ए.ची गुणपत्रिका. "पोरगी म्हणते, दिसत नाही त्या पोरांले शिकवायचं. आता तुम्हीच सांगा मॅडम, कुठं टाकू तिले?"

मुलीला एम.एड. करायचं होतं. मोठी पदवी, मोठा पगार, असा साधा हिशेब. तिला सांगितलं, वर्गात उभं राहायचं तर दृष्टिदोष विषयातलं विशेष बी.एड. पुरतं, दोन वर्षांचं आहे. विशेष एम.एड. त्याच्या पुढचं. पुढे शिक्षक घडवायचे असतील तर ते करावं, पण मूल कधी हाताळलेलंच नसेल तर त्या वर्गात बसून तिने काय करायचं?

वडिलांची काळजी वेगळी होती. नोकरी लागेल का? लागेल की नाही हे मी कोण सांगणार! पण 1992च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला, आणि तिच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे काम रीतसर करता येत नाही. म्हणून संस्थेची इमारत बघण्याआधी तिच्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, आणि ती आपल्या प्रवेशाच्या वर्षाला आहे का, ते बघायचं. मान्यता ठरावीक वर्षांपुरती असते. माझ्याबरोबरच्या एकीने हे विचारलंच नाही. फी भरली, वर्ष भरलं, आणि मग कळलं की त्या तुकडीला मान्यताच नव्हती.

राहता राहिलं 'कुठं'. देहरादूनला दृष्टिबाधितांची राष्ट्रीय संस्था आहे, मुंबईत एसएनडीटीचा विशेष शिक्षण विभाग आहे. घरी राहून शिकायचं तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं नाव निघतंच. भुसावळला गाडीत बसायलाच ज्या घरांत विरोध होतो, तिथल्या मुलींना मी दूरशिक्षणाला नावं ठेवू देत नाही. मात्र एक गोष्ट विचारून ये म्हणते: तुझं ब्रेल तपासणार कोण? तपासणारा बोटाने वाचणारा असेल तर डोळे झाकून तिथे जा.

याला कारण आहे. आम्ही डोळस शिक्षक ब्रेल डोळ्यांनी शिकतो. उजेड तिरपा पडला की टिंबांच्या सावल्या दिसतात, त्या वाचतो, परीक्षा पास होतो. मीही तशीच पास झाले. पुढे एका मुलाने माझा कागद हातात घेतला आणि विचारलं, "मॅडम, हे पुसलंय का?" मी ब्रेल लिहायचा टोचा इतका हलका मारला होता की त्याच्या बोटाला काही लागतच नव्हतं. मला मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं.

आणखी एक. शहरातला सराव बहुतेक अंधशाळेत होतो. तिथे वसतिगृह असतं, गणिताच्या टेलर फ्रेमची अष्टकोनी घरं पोरं झपाझप भरतात, मोठी पोरं धाकट्यांना शिकवतात. इकडे यावल-रावेरच्या खेड्यात मी शिकवते ते मूल साध्या शाळेत, पन्नास पोरांत एकटंच. कित्येकदा ते पूर्ण अंधही नसतं. फळ्याजवळ बसवलं, अक्षर मोठं केलं, खिडकीकडे पाठ केली की वाचतं. त्याला ब्रेल द्यायचं की मोठा टाइप, हे ठरवणं हेच निम्मं काम. म्हणून मुलीला म्हटलं, सरावासाठी साध्या शाळेत किती दिवस पाठवतात, ते विचार. माहितीपत्रकात ते सापडत नाही. मागच्या तुकडीतल्या कोणाला तरी गाठावं लागतं.

बोलता बोलता मी ब्रेलची पाटी काढली, जाड कागद अडकवला, टोचा मुलीच्या हातात दिला. "केळी लिही." क, ए, ळ, ई: चार घरं. भारती ब्रेलमध्ये मात्रा डोक्यावर बसत नाही, उच्चाराच्या क्रमाने पुढच्या घरात येते. ऱ्हस्व इकारसुद्धा व्यंजनाच्या नंतरच. लिहायचं उजवीकडून डावीकडे, उलटं, म्हणजे कागद पालटला की सुलट वाचता येतं. क म्हणजे पहिलं आणि तिसरं टिंब. तिने तक्त्यात बघून ते डाव्या बाजूला टोचलं, कागद पालटला, आणि अक्षर आरशातल्यासारखं निघालं. दुसऱ्या कागदावर जमलं.

"आता वाच." तिने कागद उन्हाकडे तिरपा केला. सावल्या! मी तिच्या डोळ्यांवर ओढणी धरली. बोट पहिल्या घरावरून सरळ घसरून गेलं.

वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी कागद मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि तर्जनी फिरवली. घड कापून कापून तिला घट्टे पडलेले. दुसऱ्यांदा फिरवली, मग अंगठा लावून पाहिला.

"इथं टोचतं," तिसऱ्या घरावर थांबून ते म्हणाले. "उभी ओळ आहे का ही?"

ळ होता. चौथं, पाचवं, सहावं टिंब, एकाखाली एक. मुलीने ओढणी काढली आणि वडिलांच्या हातातून कागद परत मागून घेतला.