बुराडी घाटावरची यमुना

दिल्लीला जाणारा मराठी माणूस लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो, जमल्यास आग्र्याला जाऊन ताजमहाल पाहतो आणि करोल बागेत खरेदी करून परततो. यमुना मात्र त्याच्या यादीत नसते. गाडी पुलावरून जाऊ लागली की तो हात जोडतो, एखादे नाणे खाली टाकतो आणि लगेच नाकाला रुमाल लावतो. माझीही यमुनेची ओळख बरीच वर्षे एवढीच होती. ती बदलली एका जानेवारीत, मावशीच्या नळाला पाणी आले नाही त्या दिवशी.

मावशी आणि काका चाळीस वर्षांपासून उत्तर दिल्लीत राहतात. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण दिल्ली सुटली नाही. संक्रांतीसाठी मी त्यांच्याकडे गेले होते. सकाळी उठून पाहते तर मावशी पातेली, बादल्या, अगदी पुरणाचा कुकरसुद्धा ओट्यावर मांडून बसलेली.

‘‘अगं, हे काय?’’

‘‘अमोनिया वाढलाय नदीत. पाणी कमी सोडणार आहेत. दर थंडीचं आहे हे,’’ ती अशा सुरात म्हणाली, की जणू दूधवाला उशिरा येणार आहे.

‘‘पण हा अमोनिया येतो कुठून?’’ मी विचारले. काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. ‘‘चल, दाखवतो. तुला बुराडी घाटही दाखवायचाच आहे. मराठी बाईनं संक्रांतीला दिल्लीत असून बुराडीला जायचं नाही म्हणजे काय?’’

दत्ताजींची नदी

शाळेत इतिहास शिकलेल्या कोणाही मराठी माणसाला बुराडी घाट ठाऊक असतो. १० जानेवारी १७६०, संक्रांतीचा दिवस. अब्दाली आणि नजीबखान यांच्या फौजा यमुनेपलीकडे होत्या. हिवाळ्यात पाणी उतरले होते, त्यामुळे नदीला जागोजागी उतार पडले होते. दत्ताजी शिंदे हे उतार राखून होते. पात्रातल्या बेटांवर पुरुषभर उंचीचे गवत माजलेले होते. त्याच्या आडोशाने शत्रूचे बंदूकधारी अलीकडे सरकले आणि तिथेच दत्ताजी पडले. जखमी अवस्थेत त्यांनी दिलेले ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे उत्तर परंपरेने आपल्यापर्यंत पोहोचवले आहे. त्यानंतर वर्षभरात पानिपत झाले. त्याच वर्षी पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत असताना हीच नदी दुथडी भरून दोन फौजांच्या मध्ये उभी होती आणि पाणी ओसरू लागल्यावर, ऑक्टोबरात, अब्दाली बागपतजवळून ती ओलांडून आला.

थोडक्यात, आपल्या इतिहासातला एक मोठा अध्याय या नदीच्या पाण्याच्या चढउताराने लिहिला गेला आहे. पण बुराडीला जाऊन कोणी स्मारक शोधू लागला तर त्याला दिसतात एकाला एक चिकटलेली घरे, अरुंद गल्ल्या, विटांचे ढीग आणि ई-रिक्षांची गर्दी. एकेकाळचे हे खेडे आता दिल्लीच्या वाढत्या वस्तीने गिळले आहे. नदी गाठायची तर या गर्दीतून वाट काढत बांधापर्यंत जावे लागते.

बांध चढून वर आलो आणि मी थबकले. समोर पांढरी वाळू, गव्हाची कोवळी शेते, धुक्यात हरवलेला पलीकडचा काठ आणि मध्ये संथ, हिरवट पाणी. वास नाही, फेस नाही. एक बगळा उथळ पाण्यात उभा होता. हीच का ती यमुना?

पुलाच्या वर आणि पुलाच्या खाली

काठावर एक वयस्कर मल्लाह नाव उलटी टाकून तिला डांबर लावत होता. काकांनी त्याच्याशी हिंदीत गप्पा सुरू केल्या. तो म्हणाला, ‘‘बाबूजी, पुलाच्या वर नदी आहे, पुलाच्या खाली नाला.’’

त्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. यमुना दिल्लीत शिरते ती उत्तरेला पल्ला गावापाशी. तिथून वजिराबादच्या बंधाऱ्यापर्यंतचा २०-२५ किलोमीटरचा पट्टा अजून नदी म्हणावा असा आहे. १९५९ मध्ये बांधलेला हा बंधारा शहराची तहान भागवतो. वजिराबाद आणि चंद्रावलच्या जलशुद्धीकरण केंद्रांना इथूनच पाणी जाते. बंधारा ओलांडला की लगेच नजफगढचा नाला नदीला मिळतो आणि चित्र पालटते. वजिराबाद ते ओखला हे अंतर अवघे २२ किलोमीटर. १,३७६ किलोमीटर लांबीच्या नदीचा हा दोन टक्क्यांहूनही कमी भाग, पण तिच्या एकूण प्रदूषणाचा सुमारे पाऊण हिस्सा याच तुकड्यात तिच्यात ओतला जातो.

पाण्याची तब्येत कशी ओळखतात, हे इथे समजून घेणे बरे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा नदीचा श्वास. अंघोळीयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा. दुसरे मोजमाप म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते. हा आकडा ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. पल्ल्याला बहुतेक महिने श्वास चालू असतो. नजफगढ नाला मिळाल्यानंतर, कश्मीरी गेटच्या बसस्थानकाजवळच्या पुलापाशी तपासणी होते तेव्हा, वर्षातले बरेच महिने प्राणवायू शून्य निघतो. तिथे मासा जगणार कसा?

आणि गंमत पाहा. हा नालासुद्धा मुळात नदीच आहे. अरवलीच्या डोंगरात राजस्थानात उगम पावणारी साहिबी हरियाणातून येऊन नजफगढच्या तळ्यात विसावत असे आणि तिथून यमुनेला मिळत असे. १९७७ मध्ये तिला आलेला महापूर दिल्लीच्या जुन्या रहिवाशांना अजून आठवतो. पुढे तिच्या पात्रातून शहराचे सांडपाणी वाहू लागले आणि तिचे नावच पुसले गेले. आपण एखाद्या नदीला नाला म्हणू लागलो, की तिच्यात काहीही टाकायला आपले मन कचरत नाही.

ट्राउटच्या गावची नदी

या नदीचे माहेर मात्र किती निर्मळ आहे! यमुनोत्रीहून निघालेल्या यमुनेला डेहराडून जिल्ह्यात कालसीजवळ टोन्स नदी मिळते. टोन्समध्ये पाणी यमुनेपेक्षाही जास्त. आणि टोन्सला मिळते हिमाचलातल्या रोहडू खोऱ्यातून आलेली पब्बर. ही पब्बर ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे. ब्रिटिश काळात इंग्रजांनी हौसेने आणलेला हा मासा मोठा नखरेल. त्याला थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी जरा तापले वा घाण झाले, की तो सगळ्यात आधी नाहीसा होतो. म्हणून ट्राउट असलेला ओढा म्हणजे स्वच्छ पाण्याचा दाखलाच समजतात.

तेच पाणी दिल्लीला यायला निघते. हरियाणाच्या सीमेवर हथनीकुंडला त्याचा मोठा वाटा कालव्यांकडे वळतो. कोरड्या महिन्यांत नदीसाठी उरते ते फारच थोडे. १९९४ मध्ये यमुनेच्या खोऱ्यातल्या राज्यांनी पाणीवाटपाचा करार केला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नदीत सेकंदाला किमान १० घनमीटर पाणी वाहते ठेवावे असे सांगितले. नदीत पाणीच नसेल तर तिने घाण धुवायची कशाने?

मावशीच्या नळाचे कोडे इथेच सुटते. पानिपत-सोनीपतकडच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे दिल्लीच्या वरच्या अंगाला नदीत उतरते. पावसाळ्यात भरपूर पाण्यात ते विरून जाते. हिवाळ्यात प्रवाह क्षीण असतो आणि थंडीमुळे अमोनियाचे विघटन करणारे जिवाणूही मंदावतात. पिण्याच्या पाण्यात अमोनियाची मर्यादा लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. साधारण एक मिलिग्रॅमपलीकडे तो गेला की शुद्धीकरण केंद्रांचा नाइलाज होतो. क्लोरिन टाकावे तर ते अमोनियाशी संयोग पावून त्याची जंतुनाशक शक्ती घटते. मग कालव्याचे पाणी मिसळून नदीचे पाणी पातळ करायचे, नाहीतर केंद्राचे उत्पादन कमी करायचे. पानिपताहून निघालेली आपत्ती यमुनाकाठाने दिल्लीकडे येते, हे तर आपल्याला नवीन नाही.

जिथे बिबट्या येऊन गेला

सगळेच चित्र निराशेचे नाही. काका मला परतीच्या वाटेवर जगतपूरला घेऊन गेले. वजिराबादजवळ यमुना जैवविविधता उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मदतीने, प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली, ते उभे केले. सुमारे ४५७ एकरांची ही जमीन. तिच्यातला बराच भाग खारवटलेला, उजाड होता. तिथे पूरमैदानातली मूळची गवते आणि झाडे लावली, पाणथळी पुन्हा भरल्या. आता हिवाळ्यात लाल शेंडीची बदके इथे उतरतात. २०१६ मध्ये तर एक बिबट्या येऊन राहिला होता. दिल्लीच्या सीमेवर, यमुनेच्या काठी, बिबट्या!

तळ्याच्या कडेला उभे राहून काकांनी मला वाळू हातात घ्यायला लावली. ‘‘ही नदीची गाळणी. पुराचं पाणी इथे पसरतं, मुरतं, स्वच्छ होतं आणि जमिनीखाली साठतं. पल्ल्याच्या विहिरी आणि कूपनलिका त्यावरच चालतात. या वाळूवर घर बांधलंस की गाळणी बुजली.’’ जुलै २०२३ मध्ये यमुनेने जुन्या लोखंडी पुलापाशी २०८.६६ मीटरची पातळी गाठून १९७८ चा विक्रम मोडला, तेव्हा शहराला नदीची जागा कोणती हे पुन्हा कळले.

नदीसाठी झगडणारेही आहेत. १९९४ मध्ये एका वर्तमानपत्रातला यमुनेवरचा लेख वाचून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. १९९३ पासून जपानच्या मदतीने यमुना कृती योजना सुरू झाली, तिचे टप्पे झाले, शुद्धीकरण प्रकल्प उभे राहिले. वनसेवेतली नोकरी सोडलेले मनोज मिश्र यांनी २००७ मध्ये ‘यमुना जिये अभियान’ सुरू केले. त्यांच्याच अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५ मध्ये पूरमैदान मोकळे राखण्याचा सविस्तर निकाल दिला. २०२३ मध्ये मिश्र गेले. त्यांनी हयातभर एकच गोष्ट समजावली : केवळ शुद्धीकरण प्रकल्पांनी नदी वाचत नाही. तिला वाहते पाणी हवे आणि पसरायला जागा हवी.

पैसा काळ्या पाण्यावर खर्च होतो आणि लक्षही तिकडेच जाते. छठच्या दिवसांत कालिंदी कुंजला फेसात उभ्या राहिलेल्या बायकांची छायाचित्रे आपण दरवर्षी पाहतो. पण आजारी माणसाइतकीच धडधाकट माणसाची काळजी घ्यावी लागते, हे आपण विसरतो. वजिराबादच्या वरचा पट्टा अजून हातचा गेलेला नाही. बुराडीच्या नव्या वस्त्यांना गटारे मिळाली नाहीत, पूरमैदानात भराव पडत राहिला, वरून येणारे नाले अडवले नाहीत, तर मल्लाहाचा तो पूल हळूहळू उत्तरेला सरकत जाईल.

आपल्या इंद्रायणीवर काय घडते आहे, ते आठवा. आळंदीच्या घाटावर वारकरी फेसातच स्नान करतात. देहूला जिथे महसीर मासे पोसले गेले, तिथेही पाण्याची चिंता आहेच. शहर वाढले की नदीचे पहिले नुकसान वरच्या अंगाला, कोणी पाहत नसताना होते.

निघताना काकांनी खिशातून तिळगुळाची पुडी काढून एक मल्लाहाला दिला. मग बांधावरून खाली उतरून त्यांनी ओंजळभर पाणी उचलले, दत्ताजींच्या नावाने सोडले आणि तोच ओला हात डोळ्यांना लावला. तीन-चार किलोमीटर खाली, नाल्यापलीकडे, त्यांना हे करता आले नसते. घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि नळाला करंगळीएवढी धार लागली होती. मावशीने घाईने कुकर खाली लावला.

कसे जाल? : मेट्रोच्या विश्वविद्यालय किंवा गुरु तेग बहादूर नगर स्थानकावर उतरून ई-रिक्षाने वजिराबाद-जगतपूर गाठता येते. पक्षी पाहायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. उद्यानाच्या वेळा आधी विचारून जावे. वजिराबादचा तुघलककालीन जुना पूल आणि शाह आलमचा दर्गाही जवळच आहे. दुर्बीण आणि पाण्याची बाटली सोबत न्यावी, आणि बाटली रिकामी झाली तरी परत आणावी.