दश्शीची किंमत

करमाळ्यात पत्ते म्हटलं की मेंढीकोट. लग्नघरी मांडवाच्या कडेला, गाडी लेट असली की जेऊर स्टेशनच्या फलाटावर, उजनीकाठच्या गावांत रात्रीची लाइट असली की उसाला दारं धरता धरता. चार डोकी जमली की डाव पडतोच. माझा या खेळावर फार जीव आहे, आणि तो जडला एका पानामुळे. दश्शीमुळे.

चारपैकी तीन दश्श्या ज्या जोडीकडे, तिचा डाव. चारही आल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर सात हात कुणाचे ते बघायचं. सगळा खेळ जिच्यासाठी, ती दश्शी मात्र दुबळी: एक्का, राजा, राणी, गुलाम, चौघंही तिला खातात. किंमत आणि ताकद अशी वेगवेगळ्या पानांत वाटून ठेवणाऱ्या त्या अनाम माणसांच्या अकलेचं मला आजही कौतुक वाटतं. तीन दश्श्या हाती आल्या की नवखा भिडू हरखतो. मी आधी एक्के मोजतो. एक्का आपल्याकडे नसलेल्या रंगातली दश्शी सांभाळत बसावी लागते, आणि तो एक्का भिडूकडे असण्याची शक्यता तीनात एक. उरलेल्या दोन समोरच्या जोडीच्या.

एक्क्याचंही तसंच. एका रंगाची सात पानं एकट्याकडे आली, तर उरलेली सहा तिघांत विभागलेली. एक्का उतरला तरी त्या रंगात कुणीतरी रिकामा निघून हुकमाने मारू शकतो. तोच एक्का तीन पानांच्या रंगात असता तर बहुतेक वेळा निर्धास्त हात करून आला असता.

एकाच पानाचं वजन असं रंगागणिक बदलणं सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात नियमातच आहे. 120 पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. अर्ध्या रंगांत दश्शी प्रधानाच्या लगेच खाली, उरलेल्या अर्ध्यांत क्रम उलटा: एक्का वर आणि दश्शी तळाला.

माझा भाचा पुण्यात ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळतो. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा हा खेळ 1993 साली आला. त्यात पानं वाटून येत नाहीत. आपला जोड आपणच बांधून न्यायचा. निदान 60 पानं, आणि जमिनीची साधी पानं सोडली तर एकच पान चारपेक्षा जास्त नाही. सुरुवातीला हातात सात येतात. एखादं पान चार वेळा घातलं असेल तर ते पहिल्या सातांत दिसण्याची शक्यता शंभरात चाळीस. एकदाच घातलं तर जेमतेम बारा. म्हणून चारची जागा कुणाला द्यायची यावर तो रात्ररात्र जागतो. प्रत्येक पानाला तो विचारतो: मी हरत असताना तू हाती आलास, तर माझ्या काय कामाचा? जिंकताना सगळीच पानं देखणी दिसतात, असं तो म्हणतो. त्याचं हे म्हणणं मला पुरतं पटलं आहे. मीही आता हात लावताना तोच प्रश्न विचारतो.

आमच्याकडे जोड बांधण्याच्या सगळ्यात जवळचं काम म्हणजे बंद हुकूम. समोरच्यांकडे काय आहे हे कळायच्या आत एक पान पालथं ठेवायचं, आणि त्या रंगावर आख्खा डाव बेतायचा. समजा, हात असा आला: बदामचा राजा, दश्शी, सत्ती, पंजी, तिर्री, किलवरचा एक्का, राजा, राणी, चौकी, चौकटचा गुलाम, नव्वी, दुर्री, आणि इस्पिकची एकटी अठ्ठी. पुष्कळ जण किलवर हुकूम करतील, तीन मोठी पानं बघून. मी बदामची तिर्री पालथी ठेवतो. किलवरचे एक्का-राजा हुकूम नसले तरी आपापले हात बहुधा करतातच. बदामची दश्शी मात्र साध्या रंगात राहिली तर एक्क्याच्या तोंडी जायची. ती हुकूम झाली, की इस्पिकच्या दुसऱ्या फेरीला मी तिनेच मारणार. माझ्या मागून खेळणारा विरोधकही तेव्हा इस्पिकात रिकामा असेल आणि त्याच्याकडे बदामचं मोठं पान असेल, तरच ती जाईल. दुसऱ्याच फेरीला असं क्वचित जुळून येतं.