जाळीच्या आत

दगड अडवायला बसवलेल्या जाळीतून दोरी मात्र बिनबोभाट आत जाते. जेट बोटीच्या तळाला, मागच्या अंगाला, लांबट सळ्यांची ही जाळी असते. नदीतला गोटा तिच्यावर आपटून निघून जातो. दोरीचं सैल टोक पाण्याच्या ओढीने दोन सळ्यांमधून शिरतं, आत फिरणाऱ्या दांड्याला टेकतं, आणि पुढचं सगळं काम दांडाच करतो. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पोलादाला वावभर दोरी गुंडाळायला कितीसा वेळ लागणार?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या बेनमोर तलावात माझ्या मेव्हण्याची बोट अशी अडकली. नाळेला बांधलेली निळी दोरी पाण्यात कुणाच्या पायाने घसरली, यावर घरात अजून एकमत नाही. इंजिनाचा आवाज जड झाला, बोट थरथरली आणि सगळं बंद पडलं. मेव्हणा सवयीने स्टिअरिंग फिरवत राहिला. पण जेट बोटीला पाण्यात सुकाणू नसतंच. मागून सुटणारी धार जिकडे वळवावी तिकडे बोट वळते. धार गेली की दिशाही गेली. मंद वारा आम्हाला काठाच्या उथळ पाण्याकडे लोटत होता, तिथे नांगर टाकला. हिमनद्यांनी झिजवलेल्या खडकाची बारीक भुकटी या पाण्यात तरंगते, म्हणून ते दुधी निळं दिसतं. फोटोत सुंदर येतं; पण त्यात वीतभर खालचा स्वतःचा हातही धूसर दिसतो.

या बोटीचा जन्म याच मॅकेन्झी खोऱ्यातला. आयरिशमन क्रीक नावाच्या मेंढ्यांच्या कुरणाचे मालक बिल हॅमिल्टन यांना इथल्या नद्या उलट्या चढायच्या होत्या. रुंद पात्रात गोट्यांमधून शंभर वाटांनी वाहणाऱ्या या नद्या. कुठे कमरेइतक्या, कुठे घोट्याएवढ्या. बाहेर लोंबणारा पंखा तिथे पहिल्याच वळणावर मोडायचा. हॅमिल्टननी १९५०च्या दशकात पंखा बोटीच्या पोटात घेतला, तळातून पाणी ओढून मागे जोरात फेकलं. कल्पना त्यांच्या आधीही होती; त्यांनी धार पाण्याखाली न सोडता पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत सोडली आणि बोट पळू लागली. १९६० साली त्यांच्या बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन उलटा चढून गेल्या. १९७७ साली एडमंड हिलरी बंगालच्या उपसागरापासून गंगेतून वर निघाले तेही अशाच तीन बोटी घेऊन, आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत चढत राहिले. कठीण ते सगळं पचवायला शिकलेलं हे यंत्र. मऊ वस्तूपुढे मात्र त्याला काही सुचत नाही.

लहानपणी हर्णैच्या बंदरात पंख्यात जाळं अडकलेली होडी पाहिली होती. खलाशी सुरी घेऊन पाण्यात उडी मारायचा, श्वास धरून कापायचा, वर यायचा, पुन्हा बुडी. तिथला पंखा उघड्यावर, त्यामुळे भांडणही उघड्यावर. इथे तसं काही नव्हतं. किल्ली काढून खिशात घातली, बॅटरीचा खटका बंद केला. आतल्या पंख्याजवळ हात असताना कुणी चुकून इंजिन सुरू केलं तर काय होईल, हे बोलायचीही गरज पडली नाही. मग पंपावरचं तपासणीचं झाकण उघडलं. त्याचं तोंड उभ्या बोटीत पाण्याच्या पातळीच्या वर येतं, म्हणून बोटीत पाणी भरत नाही.

"दाजी, तुमचा हात बारीक आहे, तुम्हीच घाला," मेव्हणा म्हणाला.

पाणी बर्फाचं. कोपरापर्यंत हात आत गेला आणि डोळ्यांचा उपयोग संपला. परकराच्या नेफ्यात गेलेली नाडी चाचपावी तसं टोक शोधत होतो. आधी दांडा लागला, त्यावर वेढ्यांवर वेढे, आणि मध्येच एक गुळगुळीत, टणक पट्टा. तो वितळलेला भाग. प्लास्टिकच्या दोरीला घर्षणाची उष्णता सोसत नाही. वेढे एकमेकांत मुरून त्यांची एकच गच्च बांगडी होते. तिथे सोडवणं नसतं, करवतीच्या दातांची सुरीच लागते, तीही थोडी थोडी.

बाकीची दोरी मात्र उलट फेऱ्याने येते. ज्या दिशेने गुंडाळली गेली तिच्या विरुद्ध दांडा हाताने फिरवायचा आणि सुटलेला भाग ताणून धरायचा. ऐकायला सोपं. पण या बोटीत मध्ये गिअरबॉक्स नाही. दांडा थेट इंजिनाला जोडलेला, त्यामुळे तो फिरवायचा म्हणजे सगळं इंजिन फिरवायचं, आणि सिलिंडरमधली दाबली जाणारी हवा हात मागे ढकलते. मेव्हण्याने स्पार्क प्लग काढले तेव्हा दांडा हलू लागला. तो पुढे जोडावर जोर लावी, मी मागे "थांब", "अजून जरा" म्हणत असे. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. इतक्या वर्षांच्या नात्यात आम्ही इतकं मोजकं आणि कामाचं कधी बोललो नसू.

मला हे काम आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. बोटं बधिर झाली की हात बाहेर काढून काखेत धरायचा, पुन्हा आत घालायचा. प्रत्येक वेढा सुटताना आधी किंचित सैल पडतो, मग हातात येतो. तो सैलपणा कळायला बोटं एकदम शांत लागतात. बाहेरून ओढणाऱ्याला तो कधीच कळला नसता. जोराने ओढलं असतं तर वेढे एकमेकांखाली रुतले असते.

दोरीचा ओला ढीग तळाशी पडला. इंजिन सुरू झालं, पाणी ओढलं, पण वेग वाढवताच बोटीत बारीक कंप आला. मेव्हणा म्हणाला, घरी जाऊन बघू. मी नको म्हटलं. पंख्याचं पातं आणि बाहेरचं कडं यांत अगदी थोडी फट असते. तिथे धागा राहिला तर दोन्ही खराब होतात. पुन्हा किल्ली खिशात, पुन्हा झाकण. पात्याच्या टोकाशी नखाएवढा वितळलेला निळा तुकडा चिकटला होता. तो खरवडल्यावर कंप गेला.

पुढच्या शनिवारी मेव्हण्याने नवी दोरी आणली. ओढगाड्यावरच्या बोटीला नाळेपासून तळाच्या कडेने ती लावून मोजली, जाळीच्या दोन हात अलीकडे खूण केली आणि तिथे कापली. धक्क्याला बांधताना आता ती तोकडी पडते, म्हणून तो रोज कुरकुरतो.